मुंबईतलं १४०१: जुना संगणक, भाडं आणि दुरुस्ती

आजचा विषय जुन्या संगणकांचा आहे, पण सुरुवात ताज्या गोष्टीपासून करू. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट बंद झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि ठराविक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे घरोघरचे कितीतरी धडधाकट संगणक एका तारखेला ‘जुने’ ठरले. १३ तारखेला त्यांच्या पोटात जे होतं तेच १५ तारखेला होतं. बिघडलं काहीच नव्हतं. मग जुनं झालं ते नेमकं काय?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी मुंबईत तो वेगळ्या रूपात आला होता आणि थेट संसदेपर्यंत गेला होता. त्या गोष्टीतलं मुख्य पात्र म्हणजे आयबीएम १४०१ हे यंत्र.

१४०१ अमेरिकेत ५ ऑक्टोबर १९५९ ला जाहीर झालं. त्याआधीचे बरेच संगणक काचेच्या नळ्यांवर, म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबवर चालत. हे ट्रान्झिस्टरवर चालणारं. स्मृती किती? सगळ्यात छोट्या यंत्रात १,४०० अक्षरं, सगळ्यात मोठ्यात १६,०००. तुमच्या फोनमधला एक साधा फोटोही त्यात मावणार नाही. ही स्मृती म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढ्या चुंबकीय कड्या, त्यांतून ओवलेल्या तारा, आणि प्रत्येक कडीत एक ‘हो’ किंवा ‘नाही’. माहिती आत जायची ती छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून, मिनिटाला ८०० कार्डं. बाहेर यायची ती १४०३ नावाच्या प्रिंटरवरून, मिनिटाला ६०० ओळी. आमच्या मते १४०१ चं यश त्याच्या बुद्धीत नव्हतं, या प्रिंटरमध्ये होतं. पगारपत्रकं, विम्याचे हप्ते, मालाचे साठे असलं काम असणाऱ्या कचेरीला गणितापेक्षा छपाईची घाई जास्त असते. असली दहा हजारांहून जास्त यंत्रं जगभर गेली.

आता एक तपशील नीट लक्षात ठेवा, कारण पुढे तो कामाला येणार आहे. या यंत्राच्या आत पत्त्याच्या पानाएवढ्या छोट्या पट्ट्या शेकड्यांनी खोचलेल्या असत. एकेका पट्टीवर मोजके ट्रान्झिस्टर, मोजके रेझिस्टर, आणि सगळे डोळ्यांना दिसणारे. यंत्र अडलं की नकाशा उघडायचा, दोष कुठल्या पट्टीत आहे ते शोधायचं आणि ती उपसून दुसरी खोचायची. दुसरी नसेल तर सोल्डरिंगची इस्त्री तापवून त्याच पट्टीवरचा मेलेला ट्रान्झिस्टर काढून नवा लावायचा. म्हणजे हे यंत्र माणसाला दुरुस्त करता येईल अशा मापाचं होतं.

७ एप्रिल १९६४ ला आयबीएमनेच सिस्टिम ३६० ही नवी मालिका जाहीर केली आणि १४०१ अमेरिकेत जुनं होऊ लागलं. ही यंत्रं बहुतेक ठिकाणी भाड्याने दिलेली असत. भाडेकरूने घर बदललं की जुनं घर मालकाकडे परत येतं, तसं झालं. परत आलेल्या यंत्रांचं करायचं काय? त्यांतली काही जहाजाने भारतात आली. मुंबईच्या कारखान्यात ती साफसूफ करून, दुरुस्त करून पुन्हा भाड्याने दिली गेली. रेल्वे, तेल कंपन्या, मोठे उद्योग, सरकारी खाती असे त्यांचे गिऱ्हाईक. १९७१ च्या फेब्रुवारीत आयबीएमने १४०१ ची विक्री अधिकृतपणे बंद केली. आपल्याकडे मात्र तीच यंत्रं सत्तरच्या दशकात कार्डं खात बसलेली होती. आणि मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेने कार्ड फुगलं की ते वाचकात अडकायचं. वातानुकूलन माणसांसाठी नव्हतं, पुठ्ठ्यासाठी होतं म्हणा ना!

तक्रार सुरू झाली ती भाड्यावरून. हिशोब सोपा आहे. संगणकाची किंमत साधारण चार-पाच वर्षांच्या भाड्यात वसूल होत असे. अमेरिकेत जे यंत्र एकदा वसूल झालं, ते इथे आणून पुन्हा जवळजवळ नव्याच्या दराने भाड्याने द्यायचं आणि नफा परकीय चलनात बाहेर न्यायचा. तोही अशा काळात, जेव्हा देशाला डॉलर डॉलर मोजून वापरावा लागत होता. सत्तरच्या दशकाच्या मध्यात संसदेच्या लोकलेखा समितीने सरकारी खात्यांतल्या संगणकीकरणाची झडती घेतली, तेव्हा या व्यवहारावर कडक टीका केली. टाकाऊ यंत्रं आपल्या गळ्यात मारली, असा त्या काळातला एकूण सूर आहे.

इथे आम्हाला थोडं थांबायचं आहे, कारण ही गोष्ट बहुतेक वेळा एकाच बाजूने सांगितली जाते. जुनं यंत्र दुरुस्त करून वापरणं हा गुन्हा आहे का? रेल्वेच्या पगारपत्रकाला १४०१ पुरेसं होतं. परत आलेली यंत्रं भंगारात घालण्यापेक्षा त्यांनी आणखी दहा वर्षं काम केलं, हे चांगलंच झालं. या यंत्रांवर ऑटोकोडरमध्ये आज्ञावली लिहायला शिकलेली पिढी पुढे या धंद्यात उभी राहिली, आणि ते शिकवण्याचं श्रेय आयबीएमला द्यायलाच हवं. खोट होती ती दोन ठिकाणी. एक, जुन्याचा भाव नव्यासारखा लावला. दुसरी खोट आमच्या मते जास्त मोठी. यंत्र भाड्याचं असल्यामुळे त्याचं झाकण उघडायचा अधिकार गिऱ्हाइकाला नव्हता. नकाशे, सुटे भाग, हत्यारं आणि त्यांचं ज्ञान, सगळं आयबीएमच्या इंजिनिअरकडे. दहा वर्षं घरात नांदलेल्या यंत्राचं पोट घरच्या माणसाने पाहिलेलं नाही!

पुढचा भाग तुम्हाला ठाऊक असेल. १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा, ज्याला आपण फेरा म्हणतो, त्याने बहुतेक परदेशी कंपन्यांना भारतातला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं. आयबीएमला ते मान्य नव्हतं. १९७७ मध्ये जनता सरकार आलं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले, आणि १९७८ मध्ये आयबीएमने इथला कारभार गुंडाळला. लोकांना कोका-कोला गेली ते आठवतं. साहजिक आहे, तिच्या जागी थम्स अप आलं आणि तहान भागली. संगणकाचं तसं नव्हतं. कंपनी गेली तरी यंत्रं जिथल्या तिथे उभी होती आणि एक तारखेला पगार व्हायचाच होता.

इथे एक गोष्ट सरकारने वेळेत केलेली दिसते, आणि असं वाक्य आम्हाला फार वेळा म्हणायला मिळत नाही. १९७५ च्या डिसेंबरमध्येच ‘कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन’ नावाची सरकारी कंपनी काढलेली होती. नावातच देखभाल! संगणक बनवणारी नाही, विकणारी नाही, चालू ठेवणारी. १९७८ मध्ये देशभरातल्या ८०० हून जास्त ठिकाणच्या आयबीएम यंत्रांची देखभाल तिच्याकडे आली. आयबीएममधले काही इंजिनिअरही तिच्याकडे आले. पुढे इतर परदेशी कंपन्यांची यंत्रंही तिने सांभाळायला घेतली. म्हणजे एकाच माणसाला वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांची झाकणं उघडायला मिळू लागली. कंपनीच्या इंजिनिअरला आपल्या घरचंच यंत्र कळतं. याला चार घरची कळू लागली.

हीच कंपनी पुढे सीएमसी म्हणून ओळखली गेली. दिल्लीत १९८५-८६ मध्ये रेल्वेच्या आरक्षणाची पहिली संगणकीय व्यवस्था सीएमसीने उभी केली. १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजाराची बोल्ट ही पडद्यावरची उलाढाल सुरू झाली, तीही सीएमसीचीच. हे सगळं केवळ दुरुस्तीतून आलं असं आम्ही म्हणणार नाही; मधे पैसा होता, नवी यंत्रं होती, चांगली माणसं होती. पण यंत्र कुठे अडतं हे ज्याला माहीत असतं, त्याची आखणी वेगळी होते, एवढं नक्की.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही घरी जाऊन माळ्यावरचं सगळं खाली काढाल. आपण जुनी यंत्रं जपली ती काही सद्गुण म्हणून नव्हे. आयात परवाना मिळत नव्हता, डॉलर नव्हते, म्हणून जपली. त्याची किंमत नव्या यंत्राची वाट बघत बसलेल्यांनी मोजली. आणि काही यंत्रं खरोखरच टाकण्याच्या लायकीची असतात. एक खोलीभर यंत्र, त्याच्यासाठी दिवसरात्र थंड हवा, आणि काम मात्र एका छोट्या नव्या डब्यात होण्यासारखं, तर ते यंत्र जपणं ही उधळपट्टी आहे. वय हा निकष नाही. त्याला लागतं किती आणि ते देतं किती, हा निकष. दहा वर्षांचा लॅपटॉप लिनक्स घालून लिहिण्यावाचण्याला उत्तम चालतो. त्याला कुठलीही थंड खोली लागत नाही.

पण लॅपटॉप उघडून बघा. आजच्या पुष्कळ हलक्या मॉडेलमध्ये रॅम मुख्य फळीलाच सोल्डर केलेली असते, बॅटरी गोंदाने चिकटवलेली. लॅमिंग्टन रोडवरचा कसबी कारागीर गरम हवेच्या बंदुकीने तीही काढतो, पण नकाशा त्याला कंपनीकडून सहसा मिळत नाही. मिळेल तिथून मिळवावा लागतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, त्यात कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग खुले करावेत अशी अपेक्षा आहे. अपेक्षा आहे, सक्ती अजून नाही.

आणि ते १४०१? कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये दोन १४०१ आजही चालतात. एक जर्मनीतल्या हॅमहून आणलेलं, दुसरं अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधलं. स्वयंसेवकांनी, त्यांत आयबीएमचे निवृत्त इंजिनिअर बरेच, कित्येक वर्षं खपून ती उभी केली. नकाशे सापडले, पट्ट्या उपसता आल्या, मेलेले ट्रान्झिस्टर बदलता आले, म्हणून ते जमलं. तिथे प्रात्यक्षिकाला गेलात तर कार्डावर तुमचं नाव छिद्रांनी पाडून देतात. कार्ड आत जातं, खडखडाट होतो आणि प्रिंटर तुमचं नाव मोठ्या अक्षरांत छापून हातात देतो.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ या.