कॅमेऱ्याने पाहिलेला कात्रजचा घाट

गेल्या दिवाळीतली गोष्ट. लक्ष्मीपूजनाची सांज. कात्रजच्या आमच्या लहानशा घरात मुलाबाळांची, लेकीसुनांची दाटी झाली होती. चौरंगाभोवती पणत्या मांडलेल्या, शेजारी समई तेवत असलेली आणि चौरंगामागे नऊवारी लुगडे नेसून बसलेली माझी आई. तिने नव्वदी ओलांडली आहे. पुतण्याने मोठ्या हौसेने नवा डिजिटल एसएलआर कॅमेरा आणला होता. आजीच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून त्याने फ्लॅश बंद केला, “आजी, इकडे बघ” म्हणाला आणि कळ दाबली.

सगळ्यांनी माना पुढे काढून पाहिले. पणत्यांच्या ज्योती कशा अगदी जिवंत उतरल्या होत्या! पण त्यांच्यामागे आजीच्या जागी नुसती काळी सावली होती.

“काका, कॅमेरा बिघडला वाटतं.”

“बिघडला नाही रे,” मी म्हणालो, “त्याने कात्रजचा घाट पाहिला!”

पोरे हसली. कात्रजला राहणाऱ्या माणसाने हा वाक्प्रचार वापरला की लोक हसतातच. पण मी थट्टेने बोललो नव्हतो. घरातल्या उजेडात फोटो काळा का येतो, याचे इतके चपखल उत्तर दुसऱ्या कोणत्या भाषेत असेल असे मला वाटत नाही.

वाचकांपैकी बहुतेकांना ती आख्यायिका ठाऊक असेलच. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी पुण्यात लाल महालावर छापा घातला आणि शाइस्ताखानाची बोटे तोडली. मोगल फौज चवताळून पाठलागाला निघणार हे उघड होते. तेव्हा म्हणे, बैलांच्या शिंगांना पलिते बांधून त्यांना कात्रजच्या घाटाकडे हाकलण्यात आले. दूर डोंगरात हलणारे दिवे पाहून मोगल तिकडे धावले आणि महाराज निराळ्याच वाटेने सिंहगडाकडे गेले. बैलांची ही गोष्ट लोकांच्या तोंडी जगली, आणि ‘कात्रजचा घाट दाखवणे’ म्हणजे हातोहात फसवणे, असा अर्थ मराठीत कायमचा रुजला. उजेड दिसला तिथेच सगळे काही आहे असे मानले, एवढीच मोगलांची चूक.

कॅमेऱ्यातला प्रकाशमापक नेमकी हीच चूक करतो. त्याला माणूस कळत नाही, लक्ष्मी कळत नाही, पणती कळत नाही. समोरून एकंदर किती उजेड येतो एवढेच तो मोजतो, आणि जगातले प्रत्येक दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे असते असे धरून चालतो. समोर चार पणत्या आल्या की त्याला वाटते, केवढा हा लखलखाट! मग तो उजेड आवरता घेतो. पणत्या उठून दिसतात आणि मागचा चेहरा अंधारात बुडतो. पलिते दिसले, महाराज निसटले!

पण सगळा दोष त्या यंत्राच्या माथी मारणे बरे नव्हे. घरातला उजेड ही छायाचित्रकलेची जन्मापासूनची अडचण आहे. भर दुपारच्या उन्हाच्या मानाने रात्रीच्या दिवाणखान्यातला उजेड सुमारे हजारावा हिस्सा असतो. आपले डोळे इतके समजूतदार, की हा फरक ते आपल्याला जाणवूही देत नाहीत. काचेला, फिल्मला आणि आजच्या संवेदकाला मात्र तो पुरेपूर जाणवतो.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली, तेव्हा एका चित्राला उन्हातसुद्धा कित्येक मिनिटे लागत. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या पेट्झव्हालने अधिक उजेड आत घेणारे भिंग तयार केले आणि माणसांची चित्रे काढणे आवाक्यात आले. त्याच सुमारास ही विद्या हिंदुस्थानात पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही त्या काळची आपली नावाजलेली माणसे. तेव्हाचे स्टुडिओ म्हणजे काचेच्या छपराखालच्या खोल्या. शक्यतो उत्तरेचा मऊ उजेड धरायचा, गिऱ्हाइकाची मान मागून लोखंडी आधाराने टेकवायची आणि हलू नका म्हणून बजावायचे. जुन्या फोटोंतली माणसे रागावल्यासारखी दिसतात, त्याला हेही एक कारण आहे.

अंधाराशी झुंज मात्र चालूच राहिली. १८६१ च्या सुमारास नादारने पॅरिसच्या भुयारांत विजेच्या दिव्यावर फोटो घेतले. पुढे मॅग्नेशियमची तार जाळून उजेड करू लागले. १८८७ मध्ये जर्मनीत मीटे आणि गेडिके या दोघांनी झपकन पेटणारी भुकटी काढली. उजेड भरपूर, पण धूर तितकाच, आणि हात भाजण्याची भीती वेगळीच. १९२९ मध्ये काचेच्या फुग्यात बंद केलेला फ्लॅशबल्ब बाजारात आला, तेव्हा कुठे दिवाणखाने सुरक्षित झाले.

आपल्याकडच्या चित्रपटांची कथाही याच वाटेने गेली. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्यातले राजमहाल सूर्याच्या उजेडावर चित्रित झाले होते. पुढे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून १९२३ मध्ये ‘सिंहगड’ काढला. त्यात त्यांनी कृत्रिम दिव्यांचा उपयोग केला, आणि आपल्या चित्रपटसृष्टीतले ते पहिले पाऊल म्हणून त्याची नोंद होते. तानाजीची रात्र उभी करायची तर दिवे लागणारच. आमच्या कात्रजच्या डोंगररांगेवरून आजही तरुण मुले रात्री विजेऱ्या घेऊन सिंहगडापर्यंत चालत जातात. खालून त्या विजेऱ्यांची माळ पाहिली की मला बाबूरावांची आठवण होते, आणि त्या बैलांचीही!

परंतु या सगळ्या इतिहासात एक जागा रिकामीच राहिली, आणि तिची मला फार चुटपूट लागते. ती जागा म्हणजे आपले माजघर. जुन्या पुण्याची छायाचित्रे पाहा. शनिवारवाड्याचा दरवाजा आहे, पर्वती आहे, पगडी घालून खुर्चीत बसलेले कर्ते पुरुष आहेत. पण चुलीपुढे बसलेली बाई, जात्यावरची बाई, बाळंतिणीच्या खोलीतली सुईण, यांचे चित्र हुडकूनही क्वचितच सापडते. रीतिरिवाज हे एक कारण झालेच. हैदराबादेत लाला दीनदयाळांनी १८९२ मध्ये स्त्रियांसाठी निराळा स्टुडिओ काढला तो त्यासाठीच. दुसरे कारण मात्र साधे होते. माजघरात उजेडच नव्हता. ज्यांना उन्हात यायची मुभा होती, त्यांचे चेहरे राहिले. ज्यांचा जन्म धुरात गेला, त्या धुराबरोबरच गेल्या.

माझ्या आईची आई अशीच गेली. तिचा एकही फोटो नाही. मामाकडे पुढे अगफाचा ‘क्लिक थ्री’ नावाचा डबा आला होता. उन्हासाठी एक खूण, ढगांसाठी एक खूण, एवढाच त्याचा कारभार. मामा म्हणायचा, “आई, जरा अंगणात ये.” ती म्हणायची, “भाकरी टाकली आहे तव्यावर.” एवढ्यावर तो विषय संपला.

म्हणून त्या संध्याकाळी मी पुतण्याला म्हटले, “कॅमेरा ठेवू नकोस. आजीचे चित्र आज निघालेच पाहिजे.” आणि आम्ही दोघे कामाला लागलो. घरोघरी हीच तक्रार असते, म्हणून काय केले ते सांगतो.

उजेड आत घेण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला भिंगाच्या झरोक्याचा. याचे आकडे उलटे असतात, आकडा लहान तितका झरोका मोठा. कॅमेऱ्याबरोबर मिळणारे भिंग जवळचे दाखवायला लावले की बहुधा ५.६ वर अडते. पुतण्याजवळ ५० मिलिमीटरचे, १.८ पर्यंत उघडणारे भिंगही होते. ते लावताच सुमारे दहापट उजेड आत येऊ लागला. दुसरा मार्ग वेळेचा. झडप जितकी जास्त वेळ उघडी, तितका उजेड अधिक. पण सेकंदाच्या साठाव्या भागापेक्षा सावकाश गेले की हात हलतो, माणूस हलतो आणि चित्र पुसट होते. तिसरा मार्ग संवेदनशीलतेचा, म्हणजे आयएसओचा. १०० वरून १६०० वर नेले की तेवढ्याच उजेडात चित्र सोळापट उजळ निघते. थोडे कण दिसतात, दिसोत बापडे! अंधारापेक्षा रांगोळीचे कण बरे.

मग कॅमेऱ्याची आपमतलबी चाल बंद केली. वरची चकती ‘ए’ किंवा ‘एव्ही’ या खुणेवर आणली, म्हणजे झरोका आपल्या हाती राहतो. अधिक-उणे लिहिलेली कळ दाबून अधिक एक केले. याचा अर्थ यंत्राला एवढेच सांगणे, की बाबा रे, तुझ्या हिशेबापेक्षा दुप्पट उजेड घे, समोरचे पलिते पाहून फसू नकोस. दोन पणत्या बाजूला सरकवल्या. कोपऱ्यातल्या दिव्याचे तोंड पांढऱ्या भिंतीकडे वळवले, तसा भिंतीवरून परतलेला मऊ उजेड आईच्या गालावर पडला. रंगाचा तोल दिव्याच्या उजेडासाठी असतो तिथे आणला. त्याने पिवळेपणा कमी झाला. थोडा मात्र मुद्दाम ठेवला, कारण दिवाळीतला चेहरा थोडा सोनेरी दिसलाच पाहिजे.

“आजी, आता बघ.”

या वेळी कोणी बोलले नाही. चित्रात सगळे होते. समई होती, पणत्या होत्या, पण आता त्या चेहऱ्याच्या आड येत नव्हत्या. कपाळावरच्या आठ्या, खणाच्या चोळीचे काठ, कानातली कुडी, सारे दिसत होते.

पुतण्याने कॅमेरा आईच्या हातात दिला. तिने चष्मा वर केला, पडदा डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहत राहिली. मला वाटले, तिला नीट दिसत नसावे. मी पुढे वाकलो, तेव्हा ती हळूच म्हणाली, “अरे, ही मी नव्हे. ही माझी आई आहे. अश्शीच बसायची ती चुलीपुढे.”