स्तनरोपण : छातीवरील आघातानंतरची तपासणी

सिलिकोन जेल भरलेले पहिले स्तनरोपण टॉमस क्रोनिन व फ्रँक गेरो या शल्यचिकित्सकांनी १९६२ मध्ये ह्यूस्टन (टेक्सस) येथे केले. रोपणाभोवती शरीर तंतुमय संपुट निर्माण करते. ते आकसून कठीण झाल्यास बाहेरून हाताने दाबून फोडण्याची रीत पुढे काही काळ रूढ होती. तीत कित्येकदा रोपणच फुटे. मोटार-अपघातात आसनपट्ट्याच्या दाबानेही असे घडते. अशा वेळी बरगड्या व फुप्फुसे यांकडे प्रथम लक्ष जाते, ते योग्यच होय. रोपणाचा विचार मात्र मागाहून होतो, किंवा होतच नाही. लवणजलाचे रोपण फुटल्यास स्तन बसतो व निदान उघड असते. जेल मात्र बहुधा संपुटातच राहते. आकार बदलत नाही, म्हणून केवळ हस्तपरीक्षेवरून रोपण शाबूत ठरविणे धोक्याचे असते. क्ष-किरण चित्रणातही संपुटांतर्गत फाट सहसा दिसत नाही. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाने जेलमध्ये तरंगणाऱ्या, दुमडलेल्या आवरणाच्या वक्र रेषा दिसू लागल्या. चपट्या इटालियन शेवयांशी असलेल्या साम्यावरून त्यांस ‘लिंग्वीनी चिन्ह’ म्हणतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये लक्षणरहित स्त्रियांच्या नियमित तपासणीसाठी श्राव्यातीत ध्वनिचित्रणही ग्राह्य धरले.