छिन्नरुहा : गुळवेल आणि मुंबईच्या प्रयोगशाळा

गुळवेल तोडून कुंपणावर टाकली तरी लवकर मरत नाही. दोऱ्यासारखी मुळे सोडते आणि पुन्हा वाढू लागते. म्हणून संस्कृतात तिला ‘छिन्नरुहा’ म्हणतात. ‘अमृता’ हे तिचे दुसरे नाव. रावणवधानंतर इंद्राने मेलेल्या वानरांवर अमृत शिंपडले आणि त्यांच्या अंगावरून थेंब ओघळले तिथे ही वेल उगवली, अशी कथा भावप्रकाशात आहे. चरकाने चिकित्सास्थानाच्या आरंभीच रसायनांचा विचार केला आणि त्यात गुळवेलीला स्थान दिले. रसायन म्हणजे शरीराचे बळ राखणारे औषध. पण हे बळ शरीरात असते तरी कुठे?

हा प्रश्न नेटाने विचारला गेला तो परळच्या केईएम रुग्णालयात. तिथल्या औषधशास्त्रज्ञ डॉ. शरदिनी डहाणूकर मराठी वाचकांना ‘वृक्षगान’ आणि ‘फुलवा’मुळे ठाऊक आहेत. त्यांनी आणि डॉ. उर्मिला थत्ते यांनी 1980च्या दशकात रसायन वनस्पतींचा अभ्यास हाती घेतला. जंतुसंसर्ग झालेल्या उंदरांवरील त्यांच्या प्रयोगात एक गोष्ट लक्षात आली. गुळवेलीचा अर्क परीक्षानळीत जंतूंना मारत नव्हता. तरीही अर्क दिलेले उंदीर अधिक संख्येने वाचत होते. जंतू गिळून मारण्याचे काम रक्तातल्या पांढऱ्या पेशीच करत होत्या, आणि अर्कामुळे त्या ते काम अधिक चांगले करत होत्या.

केईएममध्येच या निरीक्षणाची कसोटी लागणार होती. खड्याने किंवा गाठीने पित्तनलिका बंद झाली की अवरोधी कावीळ होते. अशा रुग्णाच्या भक्षक पेशी मंदावतात. शस्त्रक्रिया नीट होऊनही तो जंतुसंसर्गाने दगावू शकतो. शल्यविशारद डॉ. रवी बापट, डॉ. निर्मला रेगे, डॉ. डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी अशा 30 रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार मिळाले. एका गटाला शस्त्रक्रियेपूर्वी, साचलेले पित्त बाहेर काढले जात असताना, वजनाच्या दर किलोला रोज 16 मिलिग्रॅम गुळवेलही दिली. 1993 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यकृताच्या कार्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. पण पेशींची जंतू गिळण्याची आणि मारण्याची क्षमता फक्त गुळवेल घेणाऱ्यांत पूर्ववत झाली. शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात 40 टक्के, तर गुळवेलीच्या गटात 92.4 टक्के होते. रुग्ण थोडे होते, तरी प्रश्न नेमका होता आणि उत्तरही.

पेशींना हा निरोप पोचतो कसा, याचा एक धागा ट्रॉम्बेला सापडला. भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी गुळवेलीतून साखरेच्या रेणूंची एक लांब साखळी वेगळी केली. 1999 साली तिची माहिती प्रसिद्ध झाली. पुढे 2009 मध्ये त्यांनी दाखवले, की ती प्रतिकारक पेशींवरच्या ‘टीएलआर-4’ या ग्राहीमार्फत काम करते. काही जंतूंच्या आवरणातील घटकाची चाहूल पेशींना याच ग्राहीमुळे लागते. म्हणजे शत्रू आल्याची वर्दी ज्या दारातून मिळते, त्याच दारावर गुळवेलही थाप देते.

मग 2020 साल आले. करोनाच्या भीतीने घरोघरी गुळवेलीचा काढा उकळू लागला. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ एवढेच शब्द उरले. किती, किती दिवस आणि कोणी, हे मागे पडले. 2021 मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पाठोपाठ 13 केंद्रांतील 43 रुग्णांचा अभ्यास आला. अनेकांच्या आजाराचे रूप, शरीराच्या प्रतिकारक पेशी स्वतःच्याच यकृतावर उलटतात, त्या विकारासारखे होते. आयुष मंत्रालयाने हा संबंध नाकारला आणि तिच्यासारखी दिसणारी ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ ही दुसरी वेल वापरली गेली असावी, असे सुचवले. वाद पुरता मिटलेला नाही.

परंतु परळच्या प्रयोगाकडे पाहिले, तर या वादातून घ्यायचा धडा दिसतो. तिथे ज्यांच्या पेशी मंदावल्या होत्या त्यांनाच, मोजून, ठरावीक काळ आणि देखरेखीखाली औषध दिले होते. ज्याच्या पेशी आधीच स्वतःच्या शरीराविरुद्ध खवळलेल्या आहेत, त्याला आणखी चेतना देणे हे उपचार ठरेलच असे नाही. गुळवेलीला अमृत म्हणणाऱ्या परंपरेनेही औषध देण्यापूर्वी रोग्याचे बळ आणि प्रकृती पाहायला सांगितले होते. काढ्याचे पातेले गॅसवर ठेवताना आपण नेमके तेवढेच विसरलो.