देव मामलेदार (यशवंत महादेव भोसेकर)

(१३ सप्टेंबर १८१५ – ११ डिसेंबर १८८७). मुंबई इलाख्याच्या महसूल खात्यात आयुष्य वेचलेले सत्त्वशील मामलेदार आणि नाशिक जिल्ह्यातील सटाणा या गावाचे लोकदैवत. यशवंतराव महाराज या नावानेही ते सर्वत्र ओळखले जातात. घराणे मूळचे पंढरपूर तालुक्यातील भोसे येथील. जन्म पुणे येथे झाला. पेशवाई बुडाली तेव्हा त्यांना तीन वर्षेही पुरी झाली नव्हती. म्हणजे जुन्या दफ्तराचे मोडी वळण आणि कंपनी सरकारचे नवे कायदेकानू ही दोन्ही ज्या पिढीने एकाच लेखणीने सांभाळली, त्या पिढीचे ते होते. कोवळ्या वयातच कारकुनीत शिरून, अंगच्या सचोटीने पायरी पायरी चढत ते मामलेदारीपर्यंत पोहोचले, आणि अमळनेर, एरंडोल, शहादे अशा खानदेशातील तालुक्यांतून बदल्या होत होत अखेरीस बागलाण तालुक्याचे मुख्य ठाणे असलेल्या सटाण्यास आले.

त्या काळी मामलेदार हा हुद्दा केवढ्या वजनाचा होता हे ध्यानी घेतल्यावाचून या पुरुषाच्या थोरवीचे माप लागणार नाही. तालुक्याचा सारा वसूल करून खजिन्यात जमा करणे, जमाबंदीच्या वेळी गावोगावच्या पाटील-कुळकर्ण्यांचे हिशेब तपासणे, थकबाकीदारांवर जप्तीचे हुकूम बजावणे, लहानसहान फौजदारी खटले चालवणे आणि साऱ्या कारभाराचा जबाब वरिष्ठांना देणे ही कामे त्या एका माणसाकडे असत. कलेक्टरसाहेबांचा डेरा तालुक्यात पडे तो वर्षाकाठी थोडे दिवस. एरवी रयतेच्या दृष्टीला सरकार म्हणून जे काही पडे ते मामलेदाराच्या कचेरीतच पडे. त्याच्या ठायी कठोरता असेल तर ती शेकडो घरांना जाची, आणि दया असेल तर तिची सावलीही तितकीच लांब पसरे. यशवंतरावांच्या ठायी दया होती, आणि ती विपुल होती. त्यांच्या घरून कोणी विन्मुख गेला नाही, मिळालेले वेतन अन्नदानातच सरत असे, आणि आल्यागेल्याची जात वा योग्यता न पाहता त्याला ते नमस्कार करीत, असे त्यांच्या चरित्राची परंपरा एकमुखाने सांगते. देव ही उपाधी त्यांना लोकांनी दिली आणि ती त्यांच्या हयातीतच रूढ झाली.

बागलाण हा सह्याद्रीच्या माथ्याखालचा प्रदेश. साल्हेर-मुल्हेरसारखे इतिहासप्रसिद्ध दुर्ग त्याच्या पश्चिमेस उभे असून आरम आणि मोसम या नद्यांच्या काठी बंधाऱ्याचे पाणी पाळीपाळीने वाटून घेण्याची फड पद्धती पूर्वापार चालत आलेली. परंतु नदीकाठ सोडला की बाकीची जमीन निव्वळ आकाशाकडे डोळे लावून बसणारी. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा निर्माण झाला, बागलाण खानदेशातून त्यात आला, आणि पाठोपाठ १८७०-७१ च्या सुमारास दुष्काळाने तालुक्याला घेरले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. दुष्काळात सरकारने काय करावे याचे पद्धतशीर नियम तोपर्यंत झालेलेच नव्हते. दुष्काळ आयोगाचा अहवाल १८८० चा; त्यावर आधारलेली दुष्काळ संहिता त्यानंतरची; आणि शेतकऱ्यांना बी-बियाणे व बैल यांसाठी तगाई देण्याचा स्वतंत्र कायदा १८८४ चा. त्यामुळे उपाशी माणसे कचेरीच्या दाराशी येऊन बसली असता मामलेदाराच्या हाती विहित असा मार्ग एकच होता: वर रिपोर्ट धाडावा आणि हुकुमाची वाट पाहावी. हुकुमावाचून खजिन्यातील पैही हलवणे हा नोकरीच काय, अब्रूही घालवणारा गुन्हा होता. हे सर्व पूर्णपणे जाणणाऱ्या, उभी हयात हिशेबाच्या शिस्तीत घालवलेल्या यशवंतरावांनी खजिना उघडला आणि त्यातील द्रव्य भुकेल्यांना वाटले. ही रक्कम एक लाख सत्तावीस हजार रुपये होती, असे परंपरा सांगते.

वार्ता वरिष्ठांच्या कानी गेली, तपासणी झाली, आणि मोजदादीत खजिना पैपर्यंत बिनचूक भरला, अशी आख्यायिका बागलाणात घरोघर सांगितली जाते. श्रद्धावंत तीत ईश्वराचा हात पाहतात, आणि त्या श्रद्धेला धक्का लावण्याचे कारण नाही. तथापि प्रस्तुत लेखकाला या चमत्काराहून त्याच्या आधीचा क्षण अधिक थोर वाटतो. कारण रिता झालेला खजिना पुन्हा भरेल याची कसलीही शाश्वती नसता, शिक्षा समोर दिसत असता, त्यांनी कुलपाची किल्ली फिरवली. शिवाय वाटले गेलेले द्रव्य मुळात आले होते तेही तालुक्याच्या शेतांतून, साऱ्याच्या रूपाने, आणि बहुधा याच मामलेदाराच्या सहीच्या पावत्यांवर. घेणारा हात कोणाचा आणि देणारा कोणाचा हे रयतेने पुरते ओळखले असले पाहिजे. त्यावाचून वसुली अंमलदाराला देवत्व देण्याइतकी कृतज्ञता तिच्या मनात उपजली नसती. महाराष्ट्रात संतांची देवळे पुष्कळ आणि वीरांच्या समाध्याही उदंड, पण सरकारी कामदाराचे देऊळ विरळा.

सेवानिवृत्तीनंतर त्यांचे वास्तव्य नाशिकास होते. तेथेही दर्शनार्थींची रीघ लागे. मार्गशीर्ष वद्य एकादशीस, ११ डिसेंबर १८८७ रोजी, त्यांनी तेथेच देह ठेवला. गोदावरीच्या घाटावर त्यांचे मंदिर असून त्यालगतची मोकळी जागा यशवंतराव महाराज पटांगण या नावाने नाशिककरांच्या नित्य परिचयाची आहे.

सटाण्याचे त्यांचे मंदिर आरम नदीच्या काठी आहे. दरवर्षी पुण्यतिथीपासून तेथे मोठी यात्रा भरते, रथाची मिरवणूक निघते, आणि बागलाणाबरोबरच कळवण, मालेगाव व खानदेशच्या बाजूनेही शेतकरी कुटुंबे दर्शनास लोटतात. यात्रेच्या प्रारंभीची महापूजा तालुक्याच्या विद्यमान तहसीलदारांच्या हातून करवण्याचा प्रघात आहे. त्यामुळे सटाण्यास नेमणूक होऊन येणाऱ्या अधिकाऱ्याला, तो कोणत्याही गावचा वा धर्माचा असो, आपल्याच खुर्चीवर पूर्वी बसून गेलेल्या माणसाची ओळख गावकरी स्वतः करून देतात, आणि बहुधा खजिन्याच्या गोष्टीपासूनच प्रारंभ करतात.