१५ सप्टेंबर : पहिल्या महिला पाळकाची दीक्षा

न्यूयॉर्क राज्यातल्या साउथ बटलर या लहानशा गावातील काँग्रेगेशनल चर्चने १८५३ साली आजच्या दिवशी अँटोनेट ब्राउन यांना पाळकपदाची दीक्षा दिली. अमेरिकेतील प्रस्थापित प्रोटेस्टंट पंथांतील त्या पहिल्या दीक्षित महिला पाळक मानल्या जातात. ओबर्लिन कॉलेजात त्यांनी १८५० मध्ये धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केला, पण बाई म्हणून पदवी नाकारली गेली. हा उघड अन्याय होता. स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, या प्रेषित पौलाच्या वचनाचा अर्थ त्यांनी विद्यार्थिदशेतच नव्याने लावला : मनाई आहे ती निरर्थक बडबडीला, उपदेशाला नव्हे. हा अर्थ मांडणारा त्यांचा निबंध ओबर्लिनच्याच नियतकालिकात छापून आला, हे विशेष. श्रद्धेविषयी मनात शंका उभ्या राहिल्याने दीक्षेनंतर वर्षभरातच त्यांनी साउथ बटलर सोडले. लेखणी मात्र थांबली नाही. लग्नानंतर अँटोनेट ब्राउन ब्लॅकवेल या नावाने लिहिताना, ‘द सेक्सेस थ्रूआउट नेचर’ (१८७५) या पुस्तकात त्यांनी स्त्रीला कनिष्ठ ठरवणाऱ्या डार्विनच्या निष्कर्षांना थेट आव्हान दिले. ओबर्लिनने १९०८ मध्ये त्यांना धर्मशास्त्राची मानद डॉक्टरेट दिली. स्त्रियांना मताधिकार मिळाल्यावर, १९२० मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांनी मतदान केले.