टिळकांचे वकील

फौजदारी खटल्यांच्या इतिहासात आरोपीचे आणि न्यायाधीशाचे नाव टिकते. वकिलाचे मागे पडते. वस्तुतः आरोपीने आपल्या बाजूने बोलायला कोणाला उभे केले, यावरून त्याला खटल्याचे मर्म कोठे दिसत होते हे कळते. लोकमान्य टिळकांवर १८९७, १९०८ आणि १९१६ अशी तीनदा राजद्रोही लेखन-भाषणाबद्दल कारवाई झाली. आरोपी एकच, बाजू मांडणारा मात्र प्रत्येक वेळी निराळा. टिळक स्वतः एलएल.बी. होते, तेव्हा हा फरक आम्हांला निव्वळ योगायोगाचा वाटत नाही.

१८९७ साली बॅरिस्टर दिनशा दावर यांनी जामिनासाठी युक्तिवाद केला आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन दिला. खटल्यासाठी बंगालमधील मित्रांनी निधी जमवला आणि कलकत्त्याहून प्यू व गार्थ हे बॅरिस्टर आले. ज्यूरीत सहा युरोपीय, तीन हिंदी. वाद ‘केसरी’तील मराठी मजकुराचा, पण बहुसंख्य ज्यूरीपुढे तो आला इंग्रजी भाषांतरातून. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ लावला. सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले व अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढे प्रिव्ही कौन्सिलपुढे ॲस्क्विथ उभे राहिले. हेच गृहस्थ नंतर इंग्लंडचे पंतप्रधान झाले. पण मोठ्या नावाचा तेथेही उपयोग झाला नाही.

१९०८ साली जामिनाचा अर्ज बॅरिस्टर जिना यांनी चालवला. न्यायासनावर होते तेच दावर, आता न्यायमूर्ती म्हणून. त्यांनी जामीन नाकारला. १३ जुलैला खटला सुरू झाला तेव्हा टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली; त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांची सरकारी भाषांतरे मूळ अर्थाला सोडून आहेत, हा त्यांच्या बचावातला एक प्रमुख मुद्दा होता. सरकारी भाषांतरकाराची त्यांनी उलटतपासणी घेतली. शब्दाला संदर्भ असतो, तो तोडला की लेखकाच्या तोंडी भलताच हेतू जातो, हे ते ज्यूरीला समजावीत होते. साहित्याच्या विद्यार्थ्याने ते भाषण अर्थनिर्णयाचा धडा म्हणून वाचावे, असे आम्हांला वाटते. २२ जुलैला सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. निवड चुकली का? सुटका हेच माप धरले, तर तसे म्हणता येईल. परंतु वाद शब्दार्थाचा असताना, ते शब्द ज्याचे त्यानेच बोलावे, यात विसंगत काही नव्हते.

१९१६ साली बेळगाव व अहमदनगरच्या भाषणांवरून पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. उच्च न्यायालयात ज्यूरी नव्हती. नोकरशाहीवरील टीका ही कायद्याने स्थापित सरकारवरील टीका ठरते का, हा प्रश्न कायद्याचा होता. तेथे जिना बोलले. ९ नोव्हेंबरला न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी तो हुकूम रद्द केला.

तेव्हा वाद वस्तुस्थितीचा, कायद्याचा की शब्दांचा, हे आधी ओळखावे आणि मग वकील निवडावा. मात्र अशी निवड करता येणे हेच टिळकांचे भाग्य होते. राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाने आज प्रत्येक अटक झालेल्या व्यक्तीला पसंतीच्या वकिलाचा हक्क दिला आहे. १९७८ च्या होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने गरीब कैद्यालाही अपिलासाठी मोफत वकील मिळावा असे ठरवले. पण मोफत वकील मिळतो तेव्हा निवड सहसा आरोपीच्या हाती उरत नाही. पालघरच्या पाड्यावरचा माणूस वारली बोलतो. बोईसर-तारापूरच्या कारखान्यातला कामगार कदाचित भोजपुरी. न्यायालयाचे कागद मराठीत किंवा इंग्रजीत. साक्ष आरोपीला समजेल त्या भाषेत सांगावी, असा कायदा आहे. पण आरोपीचे म्हणणे त्याच्या भाषेतून नीट उचलणारा वकील हवा, ही गरज त्याने भागत नाही. टिळकांना आपल्या मराठीसाठी एकवीस तास झगडावे लागले. ज्याला तितके बोलता येत नाही, त्याच्या शब्दांचा अर्थ कोणी राखायचा?