१८९० सालच्या दोन सभा

आम्ही अंबडची माणसे. अंबड हे एके काळी नाशिकजवळचे शेतीचे गाव. आज ते महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, आणि गावाच्या नावाने मोठी औद्योगिक वसाहत उभी आहे. जिथे मोटेचे पाणी खेळत होते तिथे आता पाळीचा भोंगा वाजतो. तेव्हा यंत्र आणि समाज यांचे नाते काय, हा प्रश्न आमच्याकडे पुस्तकातला नाही, दारातला आहे. अशा प्रश्नावर चारचौघांनी एकत्र बसून विचार करावा, परिषद भरवावी, हे आपल्याला नवीन वाटते. पण महाराष्ट्रात ही रीत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. आज मी आपल्याला एकाच वर्षी, १८९० साली, भरलेल्या दोन सभांची हकीकत सांगणार आहे.

पहिली सभा पुण्याची. तिच्यामागचे मुख्य माणूस न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. रानडे आपल्याच जिल्ह्यातले, त्यांचा जन्म १८४२ साली निफाडला झाला. १८९० साली त्यांच्या पुढाकाराने पुण्यास औद्योगिक परिषद भरली. महादेव बल्लाळ नामजोशी यांच्यासारखे खटपटी कार्यकर्ते त्यांच्या जोडीला होते. पुण्याचे औद्योगिक वस्तुसंग्रहालयही त्याच वर्षीचे, आज ते महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाते.

ही परिषद का भरवावी लागली? १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाली होती. त्याआधी १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले होते. त्यातूनच १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला आणि रानडे त्या कायद्याखालचे खास न्यायाधीश झाले. गावोगावची कोर्टे तपासताना शेतकऱ्याच्या घराची कळा त्यांनी कागदावर नव्हे, डोळ्यांनी पाहिली. शेतीवर माणसांचा भार वाढत आहे, हातचे धंदे बसत चालले आहेत, आणि नवे धंदे काढायला भांडवल नाही, हे त्यांनी ओळखले. नुसत्या अर्जविनंत्यांनी हे सुटणार नाही. जाणत्यांनी अभ्यास करून बोलले पाहिजे, असे त्यांनी ठरविले.

म्हणून या परिषदेत भाषणांपेक्षा निबंधांना मान होता. पहिल्याच वर्षी रानड्यांनी निबंध वाचला तो कोठला? जावा बेटाचा! तिथे डच सरकारने १८३० पासून शेतकऱ्यांकडून ऊस, कॉफी, नीळ अशी पिके काढून घेतली आणि साखरेच्या कारखान्यांना आगाऊ पैसा पुरविला. सरकार मनात आणील तर उद्योगाला भांडवल देऊ शकते, एवढे तत्त्व रानड्यांना त्यातून घ्यायचे होते. तिथली सक्ती त्यांना नको होती. पुढच्या वर्षी त्यांनी शेतकऱ्याच्या पतपुरवठ्यावर निबंध वाचला, आणि १८९३ साली देशातल्या कारखानदारीच्या स्थितीवर. दरवर्षी एक प्रश्न घ्यायचा आणि आकड्यांनिशी मांडायचा, ही शिस्त त्यांनी घालून दिली. आजच्या कुठल्याही परिषदेने उचलावी अशीच ती आहे.

आता दुसरी सभा. ती मुंबईची, आणि तीही १८९० सालचीच. एप्रिल महिन्याची २४ तारीख. ही सभा भरविली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. लोखंडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली होती. त्या काळी गिरणीत काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले, आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले. निबंध नव्हते, इंग्रजी नव्हते. आणि लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे दोन कामगार स्त्रिया उभ्या राहून बोलल्या. मागणी एकच, आठवड्यातून एक दिवस सुट्टी.

पुढे काय झाले? जून महिन्याच्या १० तारखेस गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. दीड महिन्यात निकाल! पुढच्याच वर्षी, १८९१ साली, कारखान्यांचा सुधारलेला कायदा झाला. त्यात आठवड्याची सुट्टी आली आणि स्त्रियांच्या कामाचे तासही अकरापर्यंत आणले गेले.

मंडळी, या दोन्ही सभा यंत्र आणि समाज याच विषयाच्या. एकीने विचारले, आपल्या देशात यंत्र कसे आणावे? दुसरीने विचारले, यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाचे काय? दोन्ही प्रश्न खरे. पण दोन्ही सभा एका मांडवात भरल्या नाहीत. पुण्यातले निबंध इंग्रजीत. तांबट आळीतल्या कारागिराला किंवा गिरणीतल्या साचेवाल्याला ते कळणार कसे? आणि मुंबईच्या मैदानात भांडवलाचे नि पतपेढीचे गणित मांडणारा कोणी नव्हता.

हे असे का झाले, याची खूण आणखी पाच वर्षे मागे सापडते. १८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली. रानड्यांनी जोतीराव फुल्यांना तिचे निमंत्रण पाठविले. जोतीरावांनी पत्र लिहून नकार कळविला. त्या पत्राचा मथितार्थ असा, की जे लोक सर्वांना माणुसकीचे हक्क मनापासून देत नाहीत, त्यांच्या सभांचा आणि आमच्या सभांचा मेळ बसायचा नाही. पत्र कडक आहे. पण आपण शिक्षकांनी ते रागाने न वाचता, परिषदेच्या व्यवस्थापकाच्या नजरेने वाचावे. निमंत्रण पाठविले म्हणजे काम झाले, असे नसते. मांडवात आल्यावर त्या माणसाच्या बोलण्याला तोल मिळणार आहे का, हे आधी ठरवावे लागते.

पुढच्या पिढीने परिषदेची घडी सुधारली हेही सांगितले पाहिजे. १९०५ साली बनारसला काँग्रेसच्या अधिवेशनाबरोबर अखिल भारतीय औद्योगिक परिषद भरली. अध्यक्ष रमेशचंद्र दत्त. तिचा भार वाहिला तो आपल्या वऱ्हाडातल्या अमरावतीच्या रघुनाथ नरसिंह मुधोळकरांनी. परिषद दरवर्षी भरू लागली आणि तिचे अहवाल छापले जाऊ लागले. सभा उठली की सारे हवेत विरून जाते, ही आपली जुनी खोड त्यामुळे मोडली.

हा इतिहास मी वर्गात कितीतरी वेळा शिकविला. पण तो मला कळला तो उशिरा. काही वर्षांपूर्वी आम्ही काही प्राध्यापकांनी आणि शिक्षकांनी अंबडला ‘यंत्र आणि समाज’ या विषयावर एक दिवसाची परिषद भरविली. आखणी माझीच. सहा निबंध, सहाही शिकल्यासवरल्यांचे. मीही रानड्यांवरच निबंध वाचला. टाळ्या झाल्या. आभार मानायच्या वेळी मागच्या रांगेतून एक म्हातारे बाबा उठले. म्हणाले, “सर, माझ्या वावरावर कारखाना उभा आहे. त्याचं मी काही म्हणत नाही. माझा नातू तिथं ठेकेदाराकडं कामाला जातो. नवं यंत्र आलं की चार पोरं घरी बसतात. आज दिवसभरात त्याचं काय ठरलं, तेवढं सांगा.”

ठरले काहीच नव्हते. मी खाली मान घातली. पुण्याच्या सभेची शिस्त मी उचलली होती, पण मुंबईची सभा साफ विसरलो होतो.

दुसऱ्या वर्षी आम्ही रीत बदलली. महिनाभर आधी शाळांतल्या शिक्षकांनी घरोघर विचारून प्रश्न लिहून आणले. निबंध वाचणाऱ्याने त्यांतल्या एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे, तेही पंधरा मिनिटांत आणि सोप्या मराठीत. उरलेला वेळ विचारणाऱ्यांचा. तरीही चूक राहिलीच. बायका आल्या नाहीत, कारण सभेची वेळ नेमकी पाळीची. तिसऱ्या वर्षी सुट्टीचा दिवस धरला तेव्हा त्या आल्या, आणि सर्वांत नेमके प्रश्न त्यांनीच विचारले. आणखी एक नियम केला. मागल्या वर्षी काय ठरले आणि त्यातले काय झाले, याचा कागद सभेच्या सुरुवातीला वाचायचा. न झालेल्या गोष्टीही वाचायच्या. तो कागद वाचताना दरवर्षी थोडी लाज वाटते, पण तिनेच कामे पुढे सरकतात. बाबांच्या प्रश्नाचे पुरते उत्तर अजून मिळालेले नाही. मात्र वसाहतीतल्या दोन-तीन कारखानदारांनी नवे यंत्र आणण्याआधी ते चालवायला मुलांना शिकविण्याचे मान्य केले. नातू त्यांतल्याच एका ठिकाणी आज शिकतो आहे.

श्रोते हो, आपल्या गावी ट्रॅक्टर येतो, ठिबक येते, हातातला फोन येतो. त्यावर बोलायला सभा भरवाल तेव्हा अभ्यास रानड्यांसारखा करा, आकडे घ्या, कच्चे बोलू नका. आणि व्यासपीठावर खुर्च्या मांडण्याआधी एक गोष्ट बघा : ज्याच्या हातात ते यंत्र येणार आहे, किंवा ज्याच्या हातचे काम जाणार आहे, तो मांडवात कुठे बसला आहे? तो मागच्या रांगेत असेल, तर त्याला पहिल्यांदा बोलू द्या.